शेवटच्या कडव्यातलं नाव

अमडापूरहून बुलढाण्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक जण वर्षानुवर्षं नेमका माझ्याच मागे बसतो आणि सीटच्या दांडीवर ठेका धरून गातो. भजन रोज एकच : मी कोण, कुठला, माझा मलाच पत्ता नाही. चिखली येते तरी त्याला पत्ता लागत नाही आणि माझा पेपर वाचून होत नाही.

परवा मी वैतागून मागे वळलो. "कोणाचं गाणं आहे हो हे?"

"माह्यंच."

"मग शेवटच्या कडव्यात नाव संताचं काऊन?"

"माह्यं नाव टाकलं का भजनी मंडळ चहा पाजते, पन गानं गात नाही. संताचं टाकलं का अख्खं गाव डोलते."

"म्हणजे जन्मभर स्वतःला शोधायचं आणि सही दुसऱ्याची ठोकायची!"

तो पुन्हा दांडीवर ठेका धरून गायला लागला.

काल शेवटच्या कडव्यात नावाची जागा आली आणि तो थांबला. नुसताच ठेका. पुन्हा तेच कडवं, पुन्हा नुसताच ठेका. माझं डोकंच फिरलं.

"अहो, टाका ना स्वतःचं नाव!"

"तुमीच टाका न, साहेब."

मी नाव घ्यायला तोंड उघडलं. इतकी वर्षं त्याच्या गाण्यावर चिडलो, त्याचं नाव कधी विचारलंच नव्हतं.