दोन विहिणी, दोन कॅमेरे

एरवी आमच्या पाळ्या असतात. सहा महिने मी अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे राहते, मी परत गेले की सुनेची आई येते. या वर्षी तिकिटं पुढेमागे झाली आणि आम्ही दोघी विहिणी महिनाभर एकाच घरात राहिलो. त्या महिन्यात माझं मन किती कोतं आहे ते मला दिसलं. कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

विहीणबाई शाळेत शिक्षिका होत्या. नातीशी इंग्रजीत बोलतात. मी चौथी शिकलेली. नात काही विचारते, मी नुसती हसते. ती थोडी थांबते आणि मग त्यांच्याकडे जाते. तिचं ते थांबणं मला फार लागतं.

शनिवारी नातीची सॉकरची मॅच असते. मैदानाच्या कडेला मुलींच्या आया खुर्च्या मांडून बसतात. विहीणबाई खुशाल त्यांच्यात जाऊन बसतात. मी लांब झाडाखालच्या बाकावर बसते. कुणी बोलायला आलं तर काय करू? पण तिथून सगळ्या मुली बोटाएवढ्या दिसतात. निळ्या शर्टातली आपली कोणती, तेही कळत नाही.

मुलगा म्हणाला, "तुम्हा दोघींना एकेक कॅमेरा घेऊ. आईच्या फोनमध्ये नातीपेक्षा तिचा स्वतःचा अंगठाच जास्त येतो." विहीणबाई खूप हसल्या. मी थोडी हसले.

दुकानात त्याने दोन कॅमेरे पुढे ठेवले. दोन्ही नवशिक्यांसाठी, किंमत जवळपास सारखी, म्हणजे कुणी मनाला लावून घ्यायला नको. एक लहान, मुठीत मावणारा. त्याचा पडदा उलटा फिरवला की स्वतःचाही फोटो काढता येतो. दुसरा मोठा. त्याची कळ फिरवली की भिंग पुढे येतं आणि लांबचं जवळ दिसतं. मी कळ फिरवली. दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला एक बाई उभी होती, तिच्या कानातला मोती दिसला. मला लगेच माझा बाक आठवला. तिथे बसूनसुद्धा नातीचा चेहरा दिसेल. हाच हवा.

"आधी तुम्ही घ्या, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "मुलाकडच्या तुम्ही. पहिला मान तुमचा."

"छे छे, तुम्हीच घ्या. मला काय कळतंय त्यातलं!"

"असं कसं? कोणता आवडला ते सांगा ना."

"कोणताही चालेल."

आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्या आग्रहाला घ्यायचं असतं. मुलाच्या लग्नात विहिणीची साडीही मी तशीच घेतली होती. मी तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले.

"बरं मग," असं म्हणून त्यांनी मोठा कॅमेरा उचलला.

त्यानंतरचे आठ दिवस मी धुमसत होते. त्यांनी अंगणातल्या खारीचा फोटो काढला, त्यात तिच्या मिशासुद्धा मोजता येत होत्या. "ओ माय गॉश, आजी!" म्हणत नात त्यांच्या मांडीवर चढली. मी तव्यापाशी उभी होते. भाकरी करपली ती मला वास आल्यावर कळली. शनिवारी मी बाकावरून फोटो काढले, तर नुसतं हिरवं मैदान आणि त्यावर निळे ठिपके.

पुढच्या शनिवारी विहीणबाई मला पाणी द्यायला बाकापाशी आल्या. तो कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता. माझ्या तोंडून एकदम निघालं, "हा मला हवा होता."

त्या बघतच राहिल्या. "अहो, मग बोलला का नाहीत? मी विचारलं ना तुम्हाला?"

"दोनदाच विचारलंत."

"मग किती वेळा विचारायचं?"

"तीनदा."

त्या कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "धन्य आहे बाई तुमची! घ्या हा. एवढं ओझं गळ्यात घालून माझा खांदा भरून आला. तुमचा इवलासा द्या मला." आणि मला लाज वाटायच्या आत कॅमेरे बदलून त्या मैदानाकडे गेल्यासुद्धा.

मी कळ फिरवली. मैदान सरसर जवळ आलं. नऊ नंबर, घामाने चिकटलेले केस, पडलेल्या दाताची खिडकी. इतक्या जवळून तिला खेळताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

मॅच संपली. नात धावत कडेला आली. विहीणबाईंनी माझा लहान कॅमेरा काढला, त्याचा पडदा उलटा फिरवला, हात लांब केला आणि नातीला पोटाशी ओढलं. दोघींनी गालाला गाल लावला. नातीने जीभ बाहेर काढली, म्हणून त्यांनीही काढली.

बाकावरून मला ते सगळं स्वच्छ दिसत होतं, विहीणबाईंच्या टिकलीसकट. मी बटण दाबलं. फोटो फार सुरेख आला आहे. मी तो अजून कुणाला दाखवलेला नाही.