चौथ्या मजल्यावरचं फावडं

हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे बाईमाणूस दिसलं की गिऱ्हाईक आधी इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "कुणी आहे का?"

"मी आहे की," काकू म्हणायच्या. एकवीस वर्षं त्या हेच म्हणत आल्या होत्या, आणि त्यात राग म्हणून कधी नसायचा.

मालकांनी त्यांना खरं तर फोन घ्यायला ठेवलं होतं. पण पहिल्याच महिन्यात एका उंच्यापुऱ्या गिऱ्हाइकाच्या हातातलं फावडं त्यांनी काढून घेतलं, दांडा तळहातावर आडवा धरून तोलला आणि सांगितलं, "हे तुम्हाला आखूड आहे. संध्याकाळपर्यंत कंबर धरून बसाल." मालक बघतच राहिले. बागकामाच्या सामानाचा कोपरा त्या दिवसापासून काकूंचा झाला.

हे ज्ञान वडिलांकडून आलेलं. वडील एका मोठ्या बंगल्यावर माळी होते आणि बंगल्याच्या मागच्या खोलीत, अवजारांना लागूनच, हे कुटुंब राहायचं. घराबाहेर पाऊल टाकलं की माती. काकू अकरा वर्षांच्या असताना वडिलांची पाठ गेली, काम सुटलं आणि कामाबरोबर खोलीही. मग चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. लग्न होऊन गेल्या तेही चौथ्या मजल्यावरच्याच घरात. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक. तो थट्टेनं म्हणायचा, "आणखी एक मजला असता तर तू माझ्याशी लग्नच केलं नसतंस."

गिऱ्हाइकं याद्या घेऊन यायची. नवीन घर, मागे-पुढे थोडी जागा, आणि हातात वीस अवजारांची यादी. काकू पेन घेऊन सरळ काटाकाटी करायच्या. "फावडं, खुरपं, पालापाचोळा ओढायला दाताळं, छाटणीची कात्री आणि पाण्याचा पाइप. एवढ्यावर अंगण चालतं. जमीन कडक असेल तर कुदळ. बाकीचं आत्ता घेतलंत तर धूळ खाईल, आणि येताजाता मला शिव्या द्याल."

मग हमखास कुणीतरी विचारायचं, "तुमचं अंगण केवढं आहे हो?"

"आहे थोडंसं," काकू म्हणायच्या.

पहिल्यांदा हे तोंडातून निसटलं होतं. पुढे ते अंगण वाढत गेलं. त्यात लिंबू आला, कुंपणाला गुलाब आले, एका कोपऱ्यात पाणी साचतं म्हणून चर खणावा लागला. खोटं बोलतोय असं काकूंना वाटायचं नाही. ती बंगल्यामागचीच जागा होती, फक्त त्या अजून तिथं राहत होत्या. घरी मात्र खिडकीच्या कठड्यावर तेलाचे तीन डबे होते. त्यातल्या दोनांत काहीबाही उगवायचं.

एके दिवशी सिस्टरबाई कात्री परत करायला आल्या. इस्पितळात जन्म काढून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाजात अजून वॉर्ड होता. "ही कापत नाही, चावते," त्यांनी कात्री काउंटरवर ठेवली.

काकूंनी पातं बोटानं चाचपलं. "चीक बसलाय. पुसत नाही वाटतं कापल्यावर?" त्यांनी रॉकेलचं फडकं फिरवलं, बारीक कानशीनं धार एकाच बाजूनं घासली, सांध्यात तेलाचा थेंब सोडला आणि एक जाड काडी खटकन कापून दाखवली.

सिस्टरबाईंचा चेहरा बदलला. "या सगळ्याची तुम्हाला घरी सवय असणार. अंगण आहे ना तुमचं?"

का कोण जाणे, त्या दिवशी काकूंच्या तोंडून नेहमीचं उत्तर निघेना. समोरच्या बाईनं आयुष्यभर लोकांची दुखणी ऐकली होती, तिच्यापुढे थाप मारायला जीभ रेटेना. "नाही हो," त्या म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावर राहते मी. कधीच नव्हतं."

सिस्टरबाईंनी कात्री पिशवीत टाकली. "मग रविवारी माझ्याकडे या. माझ्याकडे अंगण आहे, पण गुडघे नाहीत."

काकू गेल्या. पहिल्या रविवारी त्यांनी काही केलंच नाही, नुसत्या हिंडल्या. घर साधंच, पण मागे पन्नास पावलं लांबीची जागा, तण गुडघाभर, आणि तणातून डोकं काढलेलं एक लिंबाचं झाड. खोपटातली अवजारं बघून काकूंच्या जिवाला लागलं. फावड्याचा दांडा सैल, खुरप्याला गंज, दाताळ्याचे दोन दात गायब. दुसरा रविवार दुरुस्तीतच गेला. दांड्यात नवी पाचर ठोकली, गंज घासला, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. सिस्टरबाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पेशंट वाचेल असं वाटतंय."

असे तीन वर्षं रविवार गेले. काकू सकाळी जायच्या आणि दुपारी चिखलानं भरलेली नखं घेऊन परतायच्या. सिस्टरबाई खुर्चीतून हुकूम सोडायच्या, काकू ऐकल्यासारखं करून स्वतःला हवं तेच करायच्या. भाजीचे दोन वाफे झाले. लिंबू छाटला तेव्हा सिस्टरबाई चार दिवस रुसल्या, आणि पुढच्या वर्षी झाड लगडलं तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला "आम्ही छाटला होता" असं सांगत सुटल्या. काकूंना त्या 'आम्ही'चं फार बरं वाटलं. आठवड्याचे सहा दिवस दुकानात उभं राहताना आता वाफे डोळ्यांपुढे असायचे. पाणी कमी पडलं असेल का, पाइपचं तोंड नीट बंद केलं का.

मग सिस्टरबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लेक परगावाहून आली, आणि आईनं आता एकटं राहायचं नाही हे तिनं आल्या दिवशीच ठरवलं. घर विकायचं ठरलं. लेकीचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून काकूंना रागावताही येईना.

शेवटच्या रविवारी सिस्टरबाई म्हणाल्या, "अवजारं तुम्ही न्या."

"मी कुठं वापरू ती?"

"ते मला माहीत नाही. पण खोपटात अनोळखी माणसांच्या हाती सोडवत नाहीत."

नवरा रिक्षा घेऊन आला. फावडं रिक्षात मावेना. त्याचा दांडा बाहेर काढून तो घरापर्यंत धरून बसला, आणि चार जिने चढून वर आल्यावर त्यानं एकही विनोद केला नाही. अवजारं दाराआड उभी राहिली. दार पूर्ण उघडेनासं झालं. महिन्यातून एकदा काकू वर्तमानपत्र पसरून त्यांना तेल लावायच्या. मातीचा वास कधीच गेला होता, नुसता तेलाचा यायचा.

चार महिन्यांनी एक तरुण जोडपं दुकानात आलं. यादी वीस अवजारांची. काकूंनी नेहमीसारखी काटाकाटी सुरू केली आणि सहज विचारलं, "जमीन कशी आहे?"

"कल्पना नाही," मुलगी म्हणाली. "घर नुकतंच घेतलंय. आधी एक नर्स राहायच्या तिथं. मागे लिंबाचं झाड आहे."

काकूंचा पेन थांबला. त्या म्हणाल्या, "मग कुदळ नको. वाफ्यांची माती भुसभुशीत आहे. भिंतीकडच्या बाजूला तेवढे दगड लागतील, तिथं जोर करू नका. आणि लिंबू यंदा छाटू नका, गेल्या वर्षीच छाटलाय."

दोघं तोंडाकडे बघू लागली. काकूंनी काय ते सांगितलं, चार वाक्यांत. दाराआडच्या अवजारांविषयी मात्र ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं आणि नवंकोरं फावडं मुलाच्या उंचीला लावून दिलं. मुलगी भली होती. निघताना म्हणाली, "काकू, या ना एकदा. तुमच्याशिवाय आम्हाला काय कळणार?"

काकूंनी दोन रविवार टाळले, तिसऱ्या रविवारी गेल्या. त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची मांडलेली होती. सिस्टरबाईंची जागा तीच. मुलगा खणत होता, नुसत्या हातांच्या जोरावर, घामाघूम होऊन.

"फावडं वर उचला," काकू म्हणाल्या. "त्याच्याच वजनानं खाली पडू द्या. हातानं दाबू नका."

त्याला जमेना. काकूंचे हात शिवशिवू लागले. त्या उठल्या. "द्या, मी दाखवते."

"छे छे, बसा तुम्ही," मुलगी चहाचा कप घेऊन धावली. "पाहुण्यांना कुणी कामाला लावतं का?"

काकू बसल्या. चहा प्यायल्या. चहा चांगला होता, तसं त्यांनी सांगितलंही. जाताना त्या मुलांनी पिशवीभर लिंबं दिली. वाटेत पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्या सावकाश चालत आल्या.

"कसं होतं?" नवऱ्यानं विचारलं.

"छान ठेवतील ती मुलं," त्या म्हणाल्या आणि लिंबं ओट्यावर ओतून धुवायला लागल्या. बराच वेळ धूत राहिल्या.

त्या तिथं पुन्हा गेल्या नाहीत. मुलगी दुकानात आली की मात्र सगळं खोदून विचारतात.

नवऱ्यालाच पुढे सुचलं. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. "तळमजल्यावर काही मिळतंय का बघू," तो म्हणाला. तेव्हापासून दोघं रविवारी घरं बघत फिरतात. बहुतेक ठिकाणी मागे फरशी असते. काकू फरशीवर टाच आपटून बघतात आणि मान हलवतात.

गेल्या रविवारी एका घरामागे कच्ची जागा निघाली. भिंतीलगत, हातभर रुंद, गटाराच्या कडेनं जाणारी. काकू उकिडव्या बसल्या, बोटानं माती उकरली, चिमूटभर तळहातावर घेऊन चोळली. वर बघितलं. समोरची इमारत आभाळ अडवून उभी होती.

"ऊन नाही यायचं इथं," त्या म्हणाल्या.

"मग नको," नवरा म्हणाला.

दलाल घड्याळाकडे बघत होता. काकू मात्र उठल्या नाहीत. बोटानं त्या अजून थोडं खोल उकरत होत्या.