रिकामा कंस

संगणकाची पुस्तकं लिहिणारा एकही प्राध्यापक मुळात संगणकाचा नसतो, हे सत्य या जगात फक्त एका गृहस्थांना ठाऊक आहे आणि ते माझे व्याही आहेत. ते दादरचे, मी गिरगावातला. ही मंडळी माझ्या मुलीला बघायला पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा बाकी सगळे मुलीकडे बघत होते आणि हे तिच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढून त्याचं मागचं कव्हर वाचत होते. समोरची पोह्यांची बशी निवत चालली होती. शेवटी मान वर करून त्यांनी जाहीर केलं, "हे लेखक मूळचे स्टॅटिस्टिक्सचे." मुलगी पसंत आहे की नाही, हे कळायला आम्हाला आणखी अर्धा तास थांबावं लागलं.

मागच्या कव्हरावर 'अध्यापनाचा प्रदीर्घ अनुभव' असं काही मोघम छापलेलं असलं की व्याही आतली उदाहरणं चाळतात. ती त्यांची नाडीपरीक्षा. ज्याचा प्रोग्रॅम उठसूट पगारपत्रक बनवतो तो कॉमर्समधून आलेला. जो गच्चीवरून चेंडू खाली टाकतो तो फिजिक्सचा. फासे आणि पत्ते खेळतो तो स्टॅटिस्टिक्सचा. आणि ज्याच्या पुस्तकात उदाहरणंच नाहीत तो शुद्ध गणिती, त्याला माणसांशी कर्तव्य नाही. "आमच्या पिढीत संगणकाच्या पोटी जन्मलेला कुणीच नाही हो," असं ते मोठ्या आनंदाने सांगतात, "सगळे दत्तक गेलेले!" त्यांचा स्वर असा की ऐकणाऱ्याला वाटावं, एकटे हेच काय ते औरस.

मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली, हे लग्न ठरल्यावर त्यांना कळलं. त्यांनी हुंडा घेतला नाही, मानपान घेतला नाही, एक साडीसुद्धा परत केली. सहाशे पानांची प्रुफं मात्र माझ्याकडे धाडली. मुलीकडच्यांनी नाही कसं म्हणायचं? सहा वर्षांत मी त्यांच्या तीन पुस्तकांची प्रुफं वाचली आहेत. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण स्वल्पविराम संगणकातही तोच असतो. त्या सहाशे पानांत चेंडू नव्हते, पगार नव्हते, पत्ते नव्हते. सगळी उदाहरणं अ, ब आणि क यांची. नाडी बघायची सोयच ठेवली नव्हती. आणि मागच्या कव्हरावर नावापुढे नुसतं 'एम. एस्सी.' आपल्याला सवय, म्हणून मी समासात खूण केली: 'विषय राहिला, कंसात घालावा.' प्रूफ परत आलं तेव्हा माझी खूण तेवढी खोडरबराने पुसलेली होती. दुसऱ्या पुस्तकाला पुन्हा तेच. देवकीनंतर कंसाची इतकी धास्ती घेतलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

खरा प्रकार मला विहीणबाईंनी सांगितला, तोही व्याही अंघोळीला गेले असताना. व्याही बॉटनीचे. गोल्ड मेडल वगैरे. कॉलेजात लागले आणि काही वर्षांत बॉटनीचा वर्ग ओस पडला. शेवटी बाकांपेक्षा कुंड्या जास्त अशी अवस्था आली. प्रिन्सिपॉलांनी बोलावून सांगितलं, "सर, तुम्ही सरप्लस होताय. कॉम्प्युटर शिकवाल का?" हे म्हणाले, मला झाडांखेरीज काही येत नाही. त्यावर प्रिन्सिपॉल म्हणाले, "मग झालं तर! कॉम्प्युटरमध्येपण ट्री असतात." घरी लहान मूल, सरप्लस होऊन चालणार नव्हतं. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घासून हे शिकले आणि मग असं शिकवलं की मुलं दुसऱ्या कॉलेजांतून येऊन मागच्या बाकांवर बसायची. फक्त संगणकातलं झाड उलटं असतं, मूळ वर आणि पानं खाली, ते काही त्यांच्या हाताला पटेना. पहिल्या पुस्तकात सगळ्या आकृत्यांची मुळं खाली छापून आली. मुलांनी पुस्तक उलटं धरून त्या पाठ केल्या आणि पासही झाली म्हणे.

पण हा माणूस घाबरला तो तेव्हापासून. आपली मूळ विद्या कुणाला कळली तर मुलं म्हणतील, कुंड्यांना पाणी घालणारा आम्हाला शिकवतोय. म्हणून सहाशे पानांत एकही खरं पान नाही. सहकाऱ्यांबरोबर चालताना कुणी सहज विचारलं, हे कसलं हो झाड, तर हे म्हणायचे, "असेल काहीतरी." बॉटनीची पुस्तकं त्यांनी माळ्यावर टाकली. तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली आणि आम्ही दोघं माझ्या मुलीच्या हातच्या कोथिंबीरवडीबद्दल बोलू लागलो.

यंदा अभ्यासक्रम बदलला आणि त्यांच्या त्या पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. तिच्यासाठी प्रकाशक दादरला घरी आला. योगायोगाने मी होतोच. "सर, आता कॉलेजवाले आधी मागचं कव्हर बघतात," तो म्हणाला. "नुसतं एम. एस्सी. नाही चालत. कंसात कॉम्प्युटर सायन्स टाकू ना, कोण विचारतंय? नाहीतर मग एक पीएच. डी. मॅडम आहेत, त्यांचं नाव वर टाकावं लागेल. तुमचं खाली, छोट्या टायपात. बघा बुवा, तुमच्यावर आहे." म्हणजे एक खोटा शब्द लिहिला की वीस वर्षांचं पुस्तक यांचं राहणार, आणि खरा लिहिला की दुसऱ्याचं होणार. व्याह्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"काय करू हो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी फक्त शुद्धलेखन बघतो." विहीणबाई मात्र आतून म्हणाल्या, "लिहून टाका की खरं! चोरी केलीय का कुणाची?" व्याह्यांनी माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि प्रकाशकाच्या कागदावर एम. एस्सी. पुढे कंस करून 'बॉटनी' लिहिलं. मग बहुधा अक्षर नीट आलं नाही असं वाटून त्यांनी ते पुन्हा गिरवलं. प्रकाशक म्हणाला, "ओके सर," आणि कागदाची घडी केली.

पुस्तक ठरल्याप्रमाणे आलं. मॅडमचं नाव ठळक, यांचं खाली बारीक. मला वाटलं होतं, माणूस खचेल. तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "व्याही, राणीच्या बागेत येता?" गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. शाळा सुटल्यासारखे पुढे पुढे. "हा कैलासपती. ही उर्वशी, फुलली की बघत राहावं. आणि ही गोरखचिंच, ॲडान्सोनिया डिजिटाटा. डिजिट म्हणजे बोट हो, पानं बघा बोटांसारखी!" एवढं म्हणून स्वतःच खदखदा हसले, "खरं डिजिटल हे!" पाणी भरणारा माळी थांबून ऐकू लागला.

मग एका झाडाशी ते थांबले. उंच, सरळ, गुळगुळीत खोडाचं. त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. खोडावरून हात फिरवला, खाली पडलेलं पान उचलून त्याच्या शिरा उजेडात धरल्या, वास घेतला. "थांबा हां, येतंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "येतंय." माळी आपल्या कामाला लागला. "हे मला येत होतं हो," ते अगदी हळू म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

खोडाच्या माझ्या बाजूला बागेची पत्र्याची पाटी ठोकलेली होती. मी ती वाचली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून तिला पाठ लावून उभा राहिलो. शेवटी त्यांनी पान खिशात ठेवलं आणि म्हणाले, "माळ्यावरची पुस्तकं काढतो. सापडलं की फोन करतो." त्याला आता दोन महिने होत आले. ते नाव मला पाठ आहे. फोन आला की पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचं, हेही ठरवून ठेवलंय. फोन वाजला की मीच आधी उचलतो.