उगीच न बोंबलणारी गाडी

कुरुंद्यात नरसिंगच्या घरी कधी मिस्त्री आल्याचं कुणाला आठवत नाही. पंखा असो, कूलर असो, नाहीतर विहिरीवरची मोटर, नरसिंग पान्हा घेऊन बसला की उठायचा तो ती वस्तू चालू करूनच. काही वस्तू आधीपेक्षा जास्त आवाज करायच्या, ती गोष्ट वेगळी. एखादा स्क्रू शिल्लक राहिलाच तर म्हणायचा, "कंपनीवाले दोन-चार जास्तीचेच लावतेत."

हळदीला चांगला भाव लागला त्या साली त्यानं जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी घरात मावेना, म्हणून गल्लीतच लिंबाखाली उभी राहायची. त्याच सुमाराला शिवारातून मोटरींच्या केबली चोरीला गेल्या आणि नरसिंगच्या डोळ्याची झोप उडाली. मोबाईलवर शोधून त्यानं गाडीचा अलार्म मागवला. रिमोट, भोंगा, सेन्सर आणि वायरींचं हे एवढं भेंडोळं.

वसमतला लाईटचं सामान आणायला गेला तेव्हा धनसिंग इलेक्ट्रिशियनजवळ त्यानं सहज विषय काढला. धनसिंग म्हणाला, "आणा की गाडी. बसवून देतो. सेन्सर तेवढा बॉडीला गच्च आवळून बसवावा लागतो, न्हाईतर तकलीफ देतो."

"वायरीला वायर तर जोडायची," नरसिंग म्हणाला, "त्याला माणूस कशाला पायजे?"

धनसिंग हसला आणि कामाला लागला. असली गिऱ्हाइकं त्यानं रोज पाहिलेली होती.

रविवारचा अख्खा दिवस नरसिंग गाडीत उताणा पडून होता. पाय बाहेर, डोकं स्टेअरिंगखाली, छातीवर मोबाईल आणि मोबाईलमध्ये कुणीतरी हिंदीत समजावून सांगणारा. सेन्सरला भोकं पाडायची होती, पण ड्रिलचं बिट सापडेना. मग त्यानं सेन्सर काळ्या टेपनं गुंडाळून डॅशबोर्डखाली चिकटवून टाकला. वर जराशा धक्क्यानंही वाजावा म्हणून त्याचा काटा पार शेवटपर्यंत फिरवला. चोर काय सांगून येतो का? दिवेलागणीला रिमोट दाबल्यावर भोंगा असा काही केकाटला की लिंबावरची सगळी पाखरं उडाली. पद्माबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कानांवर हात ठेवले. नरसिंगला मात्र लग्नात वाजंत्री ऐकल्यासारखं वाटलं.

पुढं तो भोंगा गल्लीच्या बोकांडीच बसला. मांजर उडी मारून गेलं की वाजायचा, ट्रॅक्टर गेला की वाजायचा, कधी कधी काहीच नसताना वाजायचा. लोक कुरकुरायला लागले, तसा नरसिंग छाती काढून सांगायचा, "माझी गाडी उगीच बोंबलत न्हाई. कोणीतरी हात लावल्याबिगर भोंगा वाजतच न्हाई." हळूहळू लोकांनी ओट्यावरून उठून बघणंसुद्धा सोडून दिलं. नरसिंग तेवढा दर वेळी पळत सुटायचा आणि दर वेळी त्याला तिथं कुणीच सापडायचं नाही. याचा त्याला मनातून राग यायला लागला होता.

दसऱ्याच्या आठवड्यात, भर दुपारी, भोंगा पुन्हा वाजला. नरसिंग जेवणावरून उठून तसाच खरकट्या हातानं बाहेर आला. गाडीच्या काचेला दोन्ही हात लावून, डोळे बारीक करून कुणीतरी आत बघत होतं. तो संतराम होता.

संतराम त्याच्याच वर्गात, पाटीला पाटी लावून शिकलेला. वीतभर जमीन, म्हणून दर साली लोकांच्या सोयाबीनच्या गंजी राखायचा. त्याच्या राखणीत कुणाचं पोतं हललं नव्हतं, आणि त्याच्यापाशी मिरवण्यासारखं काही होतं तर ते एवढंच.

नरसिंग इतके दिवस चोर शोधत होता. समोर माणूस दिसला आणि त्याच्या तोंडाचा ताबा सुटला.

"हात काहून लावला रे? काय पाहून राहिला होता आत?"

"अरे, भोंगा वाजला म्हणून पळत आलो. म्हटलं आत लेकरू-बिकरू अडकलं का काय..."

"भोंगा वाजला म्हणून हात लावला का हात लावला म्हणून भोंगा वाजला? रोज कोण हात लावून राहिलं ते आज समजलं! केबली बी अशाच गेल्या असतील!"

एवढा वेळ भोंग्याला कुणी बाहेर आलं नव्हतं. नरसिंगच्या आवाजाला मात्र सगळी गल्ली जमली. संतरामनं एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग तो खाली मान घालून निघून गेला. खाली मान घातली म्हणजे खरंच असेल, असं लोकांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी म्हाताऱ्या पुंजाजीनं जाहीर केलं की यंदा गंजीवर आपल्या घरचीच माणसं झोपतील. त्याचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंग ओट्यावर चहा पीत बसला होता. गाडी समोर, गल्ली रिकामी. ट्रॅक्टर मळणीयंत्र ओढत धडधडत पलीकडून गेला आणि भोंगा वाजायला लागला. गाडीजवळ कुणीसुद्धा नव्हतं. नरसिंगच्या हातातला चहा तसाच राहिला. तो गाडीत शिरला आणि त्यानं डॅशबोर्डखाली वाकून बघितलं. उन्हानं टेपचा गोंद सुटून सेन्सर वायरीला लोंबत होता आणि धक्का बसेल तसा लोखंडावर टकटक आपटत होता.

त्यानं भोंग्याची वायर उपसून काढली. बाहेर आला तर दारात पद्माबाई उभी.

"कोणीच न्हवतं ना?"

नरसिंगनं मान हलवली.

"मग जा अन् सांगा. गल्लीत बोललात, तर गल्लीतच सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

पण सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागत होत्या. संतराम चोर नाही, ही एक. आणि नरसिंगला साधा सेन्सर बसवता आला नाही, ही दुसरी. खरं सांगायचं तर त्याची जीभ दुसऱ्या गोष्टीवरच अडत होती, आणि हे कळत असल्यामुळं त्याला स्वतःची जास्तच लाज वाटत होती. संतरामच्या घरावरून तो दोनदा गेला आणि दोन्हीदा पुढं दुकानातून नको असलेली काडेपेटी घेऊन परत आला. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, दसरा आलाच आहे. सोनं देऊन गळाभेट घेऊ. दसऱ्याला कुणी मनात ठेवत नाही, सगळं आपोआप मिटेल. भोंगा का वाजत नाही असं कुणी विचारलं तर तो सांगायचा, "बॅटरी उतरती म्हणून बंद ठेवला."

दसऱ्याला मारुतीच्या देवळापुढं सगळं गाव जमलं. हलग्या वाजत होत्या, आपट्याची पानं देऊन लोक एकमेकांना भेटत होते. संतराम एका कडेला उभा होता. त्याच्यासमोर येणारी माणसं जरा लवकरच पुढं सरकत होती. नरसिंग सरळ त्याच्यापाशी गेला, त्याच्या हातात पानं ठेवली आणि सगळ्यांदेखत त्याला कडकडून मिठी मारली. संतरामनंही क्षणभरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. नरसिंगला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून पुंजाजी मोठ्यानं म्हणाला, "बघा, मन असावं तर असं! एवढं होऊन बी नरसिंगनं माफ केलं त्याला."

"व्हय, दुसरा असता तर तोंड बी पाहिलं नसतं," कुणीतरी दुजोरा दिला.

पाठीवरचा संतरामचा हात गळून पडला. तो मागं सरकला आणि नुसता नरसिंगकडं बघत राहिला. नरसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ-बिफ काही न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "त्यानं काही केलंच न्हवतं. चूक माझी हाय."

"हेच ते," पुंजाजीनं मान डोलावली. "दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला बी काळीज लागतं."

आता बोलून उपयोग नव्हता. नरसिंग पळतच घरी गेला आणि झेंडूचा हार घातलेली गाडी घेऊन देवळापुढं आला. स्टेअरिंगखाली डोकं घालून त्यानं उपसलेली वायर पुन्हा जोडली, दारं लावली, रिमोट दाबला आणि सगळ्यांना मागं हटवलं.

"कोणी हात लावू नका!" तो ओरडला. "हं, वाजवा हलगी!"

हलगीवाल्यांनी टिपऱ्या मारल्या आणि गाडी बोंबलायला लागली.

सगळ्या गावानं पाहिलं, गाडीजवळ कुणीच नव्हतं. भोंग्यावर आवाज चढवून नरसिंग सांगत होता, "सेन्सर म्या टेपनं चिकटवला! वसमतच्या धनसिंगनं सांगितलं होतं, म्या ऐकलं न्हाई! संतराम भोंगा ऐकून मदतीला आला होता!" बोलता बोलता त्यानं रिमोट दाबला, तर भोंगा बंद होईना. पुन्हा दाबला, तरी होईना. आधी लहान लेकरं हसली, मग बाया हसल्या, मग सगळं देऊळ हसायला लागलं. "आता दुरुस्तीला नेलेला आमचा मिक्सर परत दे रे बाबा!" कुणीतरी ओरडलं. नरसिंग मान खाली घालून ऐकत राहिला. पुंजाजी तेवढा हसला नाही. त्यानं टोपी सारखी केली आणि संतरामजवळ जाऊन हळूच म्हणाला, "आजपासून येशील ना गंजीवर?"

नरसिंगनं वायर उपसली तेव्हा कुठं भोंगा थांबला. संतराम गाडीपाशी आला. तोही थोडा हसला होता, डोळ्यांच्या कडेला ते अजून दिसत होतं.

"तुला कवा कळलं रे हे?"

खोटं बोलायची सोय होती. पण हातातल्या वायरीकडं बघून नरसिंग म्हणाला, "दुसऱ्याच दिशी."

संतरामच्या तोंडावरचं हसू गेलं. नरसिंगनं दिलेली आपट्याची पानं त्याच्या मुठीत तशीच होती.

"मी रोज सकाळी दारात बसत होतो," तो म्हणाला. "दोनदा गेलास तू दारावरून. मला वाटलं, येशील."

संतरामनं पानं खिशात ठेवली आणि तो गंजीच्या वाटेला लागला.