मुराळी

ड्रायव्हर आबा आपल्या बायकोच्या पाया पडत, आणि तेही सगळ्या कॉलनीच्या देखत. मागच्या दाराने ते बाहेर पडायचे, घराला वळसा घालून पुढच्या फाटकाशी यायचे, खिशातली पांढरी टोपी झटकून डोक्यावर ठेवायचे आणि स्वतःच्याच दाराची कडी पाहुण्यासारखी वाजवायचे. काकी उंबऱ्यात आल्या की तो सहा फुटी माणूस गुडघ्यांची कुरकुर सोसत वाकायचा आणि म्हणायचा, "आक्का, चल. आईनं बोलावलंय." दाट उसातून वाट काढता काढता एकदम मोकळा रस्ता लागावा, तसे काहीतरी काकींच्या चेहऱ्यावर तेव्हा होई.

सासुरवाशिणीला न्यायला माहेरहून जो येतो तो मुराळी. काकींचा खरा मुराळी, त्यांचा धाकटा भाऊ बाळू, जाऊन कित्येक वर्षे झाली होती. ज्या घरातून आईचे बोलावणे येत असे, ते घर गावासकट उजनी धरणाच्या पाण्याखाली होते. आणि दारात वाकलेला हा म्हातारा त्यांचा नवरा होता, हे सोडून काकींना सारे काही दिसत होते.

आबांनी जन्मभर लाल गाडी चालवली. बारामती ते इंदापूर, इंदापूर ते बारामती. वाटेत ऊस, केळी, डाळिंब आणि पुन्हा ऊस. निवृत्त झाल्यावरही कुठल्या कामाला हात घालताना ते, कंडक्टर गाडी सोडतो तसे, "डबल बेल!" म्हणत. चहा उतू जाण्याआधी डबल बेल, देवाला फूल वाहून झाले की डबल बेल. माळेगावच्या आमच्या कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक मेंदीचे कुंपण तेवढे होते. मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून मला ते बाई म्हणत. "बाई, तुमी कविता वाचता, आमी रस्ता वाचला. तुमचं चुकलं तर कुणाचा पाय मोडत न्हाय, एवढाच फरक."

मग काकींच्या मनातले एकेक थांबे पुसले जाऊ लागले. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग नातवंडांचे चेहरे, मग चहात आधी साखर की पूड, तेही. उरला एक शब्द: घरी. उन्हे कलली की त्या पदर खोचून दाराशी येत. "मला घरी जायाचंय." "हे घरच हाय की गं," आबा म्हणत, आणि कुणा परक्याने आपल्याला धरून ठेवले आहे अशा नजरेने त्या त्यांच्याकडे पाहत. एका दुपारी त्या निघूनच गेल्या. कॉलनीच्या मागे उभा ऊस होता, डोक्याहून हातभर उंच. उसात शिरलेले माणूस दिसत नाही, आणि पानांची सळसळ अशी की हाकेचे उत्तरही कानावर येत नाही. आम्ही सरीसरीतून धावलो. पानांच्या धारांनी दंड, गाल ओरबाडले गेले आणि घामाने ते ओरखडे पेटले. आबा नुसते "अगं... अगं..." करत होते, कारण साऱ्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारलीच नव्हती. काकी सापडल्या त्या पाटाच्या कडेला, वाहत्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या. "हितंच होतं घर," त्या म्हणाल्या. "पाणी आलं आन् न्हेलं."

पुण्याहून मुलगा आला, विजय. त्याने दाराला बाहेरून आणखी एक कडी बसवून घेतली. वाईट नव्हता तो, घाबरला होता. आबा दुकानात गेले, आंघोळीला गेले, की ती कडी लागे आणि तिच्यामागून काकींचे तळहात दारावर आपटत राहत. तो आवाज कुंपण ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात येई. पोळी लाटता लाटता माझा हात थांबे. तळहात काळेनिळे झाले. विजयने पुण्यात अशा माणसांना सांभाळणारे एक केंद्र पाहून ठेवले, स्वच्छ, नर्सा असलेले. आबांनी त्याचे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जन्मभर लोकांना ज्याच्या त्याच्या गावाला पोचवलं मी. एका बाईला तिच्या घरी न्हेता येईना व्हय मला? एक उन्हाळा दे. धरणाचं पाणी चढूस्तवर." विजय खाली बघत म्हणाला, "पाणी चढेपर्यंत. मग माझं ऐकायचं."

उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरकते आणि बुडालेल्या गावांची जोती उघडी पडतात, हे इंदापूरच्या अंगाला सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण काकींना नुसते दाखवून आणून भागणार नव्हते. परत आल्या की त्या दुप्पट कळवळल्या असत्या. लॉजवर ठेवावे तर रोज नव्या भिंती, रोज नवे भय. अशात भिगवणजवळ रोहित पक्षी पाहायला आलेल्या कुणाचा तरी छोटा ट्रेलर आबांनी काठावर उभा पाहिला. जीपला जोडलेली दोन चाकांची खोली, खिडकीला पडदा, पायरीवर चहाचा कप. खोली तीच राहते आणि गाव बदलते, हे त्यांनी तिथे उभ्या उभ्या ताडले.

ट्रेलर निवडायला त्यांनी मला बरोबर नेले. "तुमी शुद्ध बोलता, तेवढंच वजन पडंल." पुण्याबाहेरच्या त्या शेडमध्ये प्लायवूडचा आणि गोंदाचा कच्चा वास कोंडला होता. विकणारा तरुण उत्साही. तो टीव्ही दाखवी, मागच्या बाजूने उघडणारा ओटा दाखवी, छतावरचा तंबू दाखवी. आबा मात्र प्रत्येक ट्रेलरमध्ये जाऊन बाकावर बसत, काकींच्या उंचीएवढे खाली सरकून खिडकीतून बाहेर बघत, आणि मान हलवून उतरत. "मोठा घ्या काका, चौघं आरामात झोपतात." "नको. मोठ्यात माणूस हरवतंय." शेवटी सर्वांत लहान ट्रेलर त्यांना पसंत पडला. आत एक पाऊल टाकले की बाक, ओटा, पलंग, खिडकी, सगळे एका नजरेत मावत होते. त्याच्या दाराला बाहेरून कडी होती. ती त्यांनी तिथल्या तिथे काढायला लावली. "पण काका, चोरी झाली तर?" "न्हेऊ दे. आतल्या माणसाला आतनं उघडता आलं पायजे." बाकाखाली एक लांब पेटी होती. तिच्यात मासे धरायचे गळ राहतात, असे तो म्हणाला. आबांनी तिच्यात हिरवे इरकली लुगडे ठेवले. माहेराहून निघणाऱ्या लेकीची रिकामी पाठवणी कोण करील?

निघायच्या दिवशी, ट्रेलर ओढायला घेतलेल्या जुन्या जीपसकट, सारे तयार होते आणि काकी जीपमध्ये बसेनात. "चल, घरी जाऊ," आबांनी दार उघडून म्हटले, तशा त्या दोन पावले मागे सरल्या. "तुमी कोण? मुराळ्याबिगर माहेराला जाऊ व्हय? लोक काय म्हणतील?" आबा उघड्या दाराशी उभेच राहिले. उन्हात जीपचे इंजिन धडधडत होते. मग ते फाटकातून बाहेर पडले, आणि थोड्या वेळाने डोक्यावर पांढरी टोपी घालून परत आले. नव्या टोपीवर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. त्या दिवशी ते पहिल्यांदा वाकले.

काकींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "औक्षवंत हो, बाळू. किती वाळलास रे!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना विचारलंस का?"

"विचारलंय, आक्का. खुशाल जा म्हणाले."

"आन् त्यांच्या भाकरीचं?"

"करतील कायतरी."

"कशाचं करतात! साधा चहा येत न्हाय त्यांना."

मी मेंदीच्या पानांकडे तोंड फिरवले. आबा हसले, खरेच हसले, आणि म्हणाले, "व्हय, दाजी जरा तसलेच हायत."

त्यांनी बस चालवली होती, पण गाडीमागे गाडी ओढली नव्हती. ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंगचे चाक उलटे फिरवावे लागते; डावीकडे न्यायचा असेल तर उजवीकडे. पहिल्याच दिवशी आमचे निम्मे कुंपण त्यांनी आडवे केले. मेंदी चिरडल्याचा हिरवा, कडवट वास दोन दिवस अंगणात रेंगाळत होता. पुढे हात बसला, तसे ते म्हणू लागले, "बाई, काकीचंबी असंच हाय. सरळ वळवाय गेलं की आडवी जाती. उलटं फिरवलं की बरोबर वळती." आणि ते उलटे फिरवत राहिले. नवरा उलटा फिरवून भाऊ केला, स्वतःचे घर उलटे फिरवून सासर केले.

काठावरचे लोक त्या ट्रेलरला डबा म्हणत. मी सुट्टीला भाजी आणि औषधे घेऊन जाई. खाली गेलेल्या पाण्याचा शेवाळी वास, वाळत्या गाळाचा उबट दरवळ आणि डब्यातल्या गॅसवर भाजणारी भाकरी. आबा चाकांखाली चपटे दगड सारून वाटीतले पाणी कलत नाही ना ते बघत, मगच काकींना पायरीवरून आत घेत. वारा सुटला की डबा पाळण्यासारखा झुलत असे. चमचा पडला तरी तो काकींच्या पायाशीच सापडे. "हितं हरवायला जागाच न्हाय," आबा अभिमानाने सांगत. दाराला बाहेरून कडी नव्हती. तिच्या जागी रात्री ते स्वतः दाराशी आडवे होत. परत येताना काकी पेंगुळलेल्या असत. जीपमध्ये बसवले की झाले. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा टोपी, पुन्हा कडी, पुन्हा ते वाकणे.

वैशाखात घराचे जोते उघडे पडले. काकी भेगाळलेल्या गाळावरून अनवाणी चालत गेल्या आणि एका कोपऱ्याशी थांबल्या. "हितं जातं." आबांनी नखांनी गाळ उकरला. खालून जात्याची तळी निघाली, दोन तुकडे झालेली. काकी तिच्यावरून हात फिरवत बसल्या, आणि त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांनी घरी जायचे म्हटले नाही. आबांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज फुटत होता. "पोचलो, बाई! पोचलो!" मुराळी फक्त आणतो, परत न्यायला नवराच यावा लागतो, हे त्या आनंदात आम्ही सगळेच विसरलो.

आषाढात वरच्या धरणांचे पाणी सुटले. इथे आभाळ कोरडे होते, काठावर धूळ उडत होती, आणि पाणी मात्र मुकाट्याने वर सरकत होते. सकाळी आबांचा फोन आला. मागून मासेमाऱ्यांचे ओरडणे ऐकू येत होते, "आबा, डबा काढा! पाणी लागलं!" आबा म्हणाले, "बाई, ती निघंना. टोपी काढून सांगितलं, मीच हाय म्हणून. तर म्हणती, बाळू, थट्टा करतोस व्हय, तुझे दाजी असे म्हातारे न्हाईत. ते आल्याबिगर निघायची न्हाय म्हणती. हात धरला तर किंचाळती. कपाटात खाली माझी ड्यूटीची खाकी हाय. घेऊन या. इस्त्री करत बसू नका."

मी पोचले तेव्हा पाणी डब्याच्या चाकांना लागले होते. जोते, जाते, सारे पुन्हा बुडाले होते. काकी पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होत्या. लाटेचे पाणी त्यांची बोटे भिजवून मागे जाई. आबांनी जीपच्या आडोशाला खाकी चढवली. ती त्यांच्या खांद्यांवरून लोंबत होती, वरचे बटण तुटले होते. "हेबी न्हाय ओळखलं, तर मग माझ्याकडं दुसरा कुणी न्हाय, बाई," ते म्हणाले. मग जीपमध्ये हात घालून त्यांनी दोनदा हॉर्न दाबला, एक आखूड, एक लांब. ड्यूटी संपली की गाडी डेपोत लावण्याआधी गल्लीच्या तोंडाशी ते असाच वाजवत, घरी येतोय म्हणून.

काकींनी डोक्यावर पदर घेतला. उठून उभ्या राहिल्या. "आलात?" त्या म्हणाल्या. "इतकं दिस लावलंत? बाळू बिचारा किती करत हुता माझं. घास भरवायचा, पाय चेपायचा. तुमी जन्मात कधी केलं व्हय असं?"

आबा घोटाभर पाण्यात उभे होते. "न्हाय केलं," ते म्हणाले. "चुकलंच माझं. चल."

त्या आल्या. पेटीतले लुगडे नेसवायला वेळ नव्हता. मी मागे उभी राहून हात हलवत होते, आबा चाक उलटे फिरवत होते, आणि डबा गाळातून फुसफुसत, सरळ, अगदी सरळ, वर आला. जीपमध्ये काकी पदर सावरून, नव्या नवरीसारख्या बाहेर बघत बसल्या होत्या. वरकुट्याचा फाटा मागे पडेपर्यंत त्या बाळूचे गुण सांगत होत्या.

पाणी चढले होते. आबांनी शब्द पाळला. विजयने केंद्रात सगळी तयारी केली, गाडी यायचा दिवसही ठरला. त्याआधीच काकींच्या घशाखाली घास उतरेनासा झाला, मग पाणी. श्रावणातल्या एका सकाळी आबांचा चहा ओट्यावर उकळत राहिला आणि डबल बेल ऐकू आली नाही, तेव्हा मी कुंपणाच्या त्या चिरडलेल्या जागेतून धावत गेले.

काकींना न्हाऊ घालून दारात ठेवले. कुंकवाच्या मळवटाखाली चेहरा मोकळा दिसत होता. जमलेल्यांतल्या एका म्हातारीने विचारले, "माहेरचं लुगडं कुणी आणलंय? सवाष्ण हाय." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विजय रडत म्हणाला, "मामा कधीच गेले. त्या बाजूचं कुणी उरलं नाही." आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आले, की आबा तिथे नाहीत.

घरामागे उभ्या असलेल्या डब्याचे दार वाजले. थोड्या वेळाने पुढचे फाटक करकरले. आबा येत होते, डोक्यावर पांढरी टोपी, दोन्ही हातांवर हिरव्या लुगड्याची घडी. रडणे थांबले, लोक बाजूला झाले. उंबऱ्याशी येऊन त्यांनी उघड्याच दाराची कडी वाजवली. क्षणभर वाट पाहिली. मग गुडघ्यांची कुरकुर सोसत वाकले, लुगडे काकींच्या अंगावर घातले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते बराच वेळ वर उचलले नाही.

"विचारलंय त्यांना, आक्का," ते म्हणाले. "खुशाल जा म्हणाले."