पिण्याचं नसलेलं पाणी

अड्यारहून निघालेली बस उन्हात अडकून पडली होती. "घसा सुकलाय गं," असं फोनवर बायकोला सांगताना माझी नजर शेजारच्या मुलीच्या हातातल्या काचेच्या बाटलीवर गेली. मोडक्या तमिळमध्ये मी तिच्याकडे घोटभर पाणी मागितलं. तिनं बाटली छातीशी धरली. मी भडकलोच.

"अय्यो काका, हे पिण्याचं पाणी नव्हे," ती तमिळ हेलाच्या तंजावरी मराठीत म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. रेअर अर्थ म्हणतात त्या दुर्मीळ धातूच्या ऑक्साइडची नाण्याएवढी चकती पाण्यात ठेवायची आणि तिच्यावर लेझर मारायचा. एकाच जागी खड्डा पडू नये म्हणून चकती सारखी फिरती ठेवायची. तिच्यातून उडालेले नॅनोकण या बाटलीत होते. मला काहीच दिसेना. तिनं जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी बाटलीवर लावली, तसं पाणी तांबडं उजळलं.

बोलताना ती झोळीतल्या बाळाला झोका द्यावा तशी बाटली हलकेच कलती करत होती.

"कण सुटे आहेत तोवर बरं. ऊन लागलं की एकमेकांला धरतात, मग जड होऊन तळाला बसतात. आज मोठ्या मायक्रोस्कोपवर वेळ मिळालीय. चुकली तर पुन्हा कधी, देव जाणे."

इतकी वर्षं नोकरी केली, पण हातातलं काम असं जपल्याचं मला आठवेना.

बस हलेना. "चालतच जाते," म्हणत ती उतरली. बाहेर ऊन रणरणत होतं. मला वाटलं, आता ओढणी डोक्यावर घेईल. तिनं ती बाटलीभोवती गुंडाळली.