सय्यदचाचांचं रॉकेल

बाहरीनला थंडी पडते असं सांगितलं की आमच्या हर्णैची माणसं हसतात. म्हणतात, "झोहरा, तिकडं तर वाळूत अंडं शिजतं." शिजतं ना, पण जुलैमध्ये. जानेवारीत आम्ही राहायचो त्या बुसैतीनला समुद्रावरून वारा सुटला की भिंती ओल्या होतात, गाद्यांना वास येतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जो गारवा बसतो तो काही केल्या निघत नाही. हसणाऱ्यांनी तिथं एक जानेवारी काढून दाखवावा.

आमच्या मागच्या गल्लीत सय्यदचाचा राहायचे. खरं नाव ताहिर. रत्नागिरीकडचे, गलबताचे सुतार. तरुणपणी आले ते मुहर्रकच्या किनाऱ्यावर लाकडी जहाजं बांधायला, आणि लाकडी जहाजांचे दिवस सरले तरी इथंच राहिले. ज्या अरबाकडं आयुष्यभर काम केलं, त्याच्या मुलांनी घरामागची एक खोली दिली, व्हिसा चालू ठेवला. त्या मुलांना दुवा द्यायला हवी. पण खोली म्हणजे काय, मालकाच्या घरातून ओढलेली एक वायर, तिच्यावर एक बल्ब आणि एक पंखा. विजेचा हीटर लावला की फ्यूज गेलाच. म्हणून रॉकेलचा हीटर, आणि त्याला रॉकेल आमच्या मंडळाचं.

मंडळ म्हणजे आम्हा कोकणी मुसलमानांची जमात. थंडीच्या महिन्यांत काम सुटलेल्या म्हाताऱ्यांना रॉकेलचे डबे आणि घोंगड्या द्यायच्या, ही जुनी पद्धत. माझे यजमान अहमद मंडळाचे सेक्रेटरी होते, त्यामुळं ते डबे आधी आमच्या अंगणात यायचे आणि महिनाभर माझ्या ओढणीला रॉकेलचा वास. मी कुरकुर करायची, पण मनातून बरं वाटायचं. खदिजाचाची, म्हणजे सय्यदचाचांची बायको, दम्याची. हीटर पेटला की ती भिंतीला टेकून बसायची, पाय पुढं करायची आणि म्हणायची, "झोहरा, आता मी हर्णैला पोहोचले." तिचं माहेरही हर्णैचंच.

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले. सौदीला जोडणारा पूल त्याच साली सुरू झाला, वाटलं होतं आता कामंच कामं. झालं उलटंच. कंपन्या माणसं काढायला लागल्या, मंडळाच्या वर्गणीला ओहोटी लागली. डिसेंबरात ईसा टाउनला एका सभासदाच्या घरी बैठक भरली, शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर. पुरुष दिवाणखान्यात, आम्ही बायका पडद्याआड चहाला.

नजीब उभा राहिला. बँकेत होता, बोलायला फर्डा, मनानं वाईट नाही. म्हणाला, "रॉकेल बंद करा. इथं काय बर्फ पडतो? नोकरी गेलेल्यांना गावी जायला तिकीट नाही, त्यांची मुलंबाळं अडकून पडलीयेत, आणि आपण पैसे जाळतोय. अक्षरशः जाळतोय."

"नजीब, म्हातारपणाची थंडी तुला काय ठाऊक," कुणीतरी म्हणालं.

"मग पोरांची भूक तुम्हाला ठाऊक आहे का?"

झालं, जुंपली. एक म्हणे घोंगड्या द्या, रॉकेल नको. दुसरा म्हणे जे आजारी त्यांनाच द्या. मग आजारी कोण हे ठरवायचं कुणी, यावर चहाची दुसरी फेरी संपली. शेवटी आमचे अहमद उठले. त्यांना तडजोडीची भारी हौस. घरात मीठ कमी पडलं तरी ते मध्यम मार्ग काढतील. म्हणाले, "रॉकेल चालू राहू दे, पण मंडळाच्या पैशातून नको. जकातीतून देऊ. जकात गरिबांसाठीच आहे, म्हातारेही गरीबच." सगळ्यांनी माना डोलावल्या. नजीबसुद्धा खूश.

मी पडद्याआडून म्हटलं, "आणि सय्यदचाचा?"

जकात म्हणजे कमावत्या माणसानं गरिबांसाठी काढलेला धर्माचा हिस्सा, आणि पैगंबरांच्या घराण्यातल्यांना, म्हणजे सय्यदांना, तो घेता येत नाही. आमच्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. अहमदनी कपाळावर हात मारला. मग कुणीतरी म्हणालं, त्यात काय, सय्यदचाचांना आपण सगळे हदिया देऊ. हदिया म्हणजे भेट, ती चालते. सय्यदाला भेट देण्यात तर पुण्य. चाचा पुढं मानाच्या जागी बसले होते. विचारलं, "चाचा, ठीक?" ते म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला." खलास. ठराव पास.

लोकांनी शब्द पाळला नाही असं मी म्हणणार नाही. पहिला डबा नजीबनंच नेऊन दिला. चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याची गाडी वळल्यावर तो डबा उचलून दोन घरं सोडून राहणाऱ्या पांडुरंग धोब्याच्या दारात ठेवून आले. पांडुरंग गेली कित्येक वर्षं कपडे धुवून धुवून वाकलेला, त्याला ना मंडळ ना जमात. दुसरा डबा आला, तोही गेला. तिसरा गेला. आपल्या खोलीत मात्र चाचांनी काय केलं, तर जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात तसा तेलात भिजवलेला कापूस पटाशीनं दाराच्या, खिडकीच्या फटींत ठोकून बसवला. वारा बंद झाला, पण ओल आतच कोंडली. चाचीचा खोकला माझ्या मोरीत ऐकू यायला लागला.

माझं डोकं फिरलं. हा कसला सय्यदपणाचा तोरा? दुसऱ्याला वाटून नाव कमवायचं आणि बायकोनं घरात कुडकुडायचं? जानेवारीत चाचीला हॉस्पिटलात ठेवलं, थोडी बरी झाली तशी घरी सोडली. डॉक्टर म्हणाला, खोली गरम ठेवा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळीच जाऊन चाचीसमोर बसले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. चाचा बाहेर ओट्यावर होते, ऐकलं तर ऐकलं म्हटलं.

चाचीनं माझा हात धरला. हात बर्फासारखा. म्हणाली, "झोहरा, आम्ही सय्यद नाही गो."

मला आधी कळेचना. मग तिनं खोकत, थांबत सांगितलं. तरुणपणी त्या अरब मालकाचा मुलगा तापानं फणफणला होता, चाचांनी दुवा पढून फुंकर घातली, पोर उठून बसलं. मालकाची आई म्हणाली, हा नक्की सय्यद असणार. किनाऱ्यावर सगळे सय्यद म्हणायला लागले, आपल्या लोकांनी तेच उचललं. चाचा हसले, नाही म्हणाले नाहीत. मग त्यांची मुलगी अकीला मोठी झाली, आणि रत्नागिरीच्या एका खऱ्या सय्यद घराण्यातून मागणी आली, सय्यदांची मुलगी म्हणून. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. चाचा तोंडात मूग धरून बसले. चांगलं घर होतं, मुलगी सुखात पडणार होती.

"पण एक आहे," चाची म्हणाली, "सय्यद म्हणून कुणी काही दिलं तर त्यांनी कधी घरात ठेवलं नाही. म्हणतात, ते दुसऱ्याच्या नावाचं आहे. ती चोरी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जकात त्यांना चालत होती, पण घेतली तर लोक विचारणार, आणि अकीलाचं घर मोडणार. हदिया घेतली तर कुणी काही विचारणार नव्हतं, पण ती त्यांना चालत नव्हती. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मध्ये माझी खदिजाचाची खोकतेय.

मी घरी धावले, आमचा स्वतःचा रॉकेलचा डबा उचलला आणि चाचांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "चाचा, मला सगळं ठाऊक झालंय. हा डबा सय्यदाला नाही. ताहिर सुताराला त्याच्या शेजारणीनं दिलाय. पेटवा हीटर."

त्यांचं खरं नाव त्यांनी बायकोशिवाय कुणाच्या तोंडून किती वर्षांत ऐकलं नसेल. चाचा उठून आत गेले. आतून चाचीचा आवाज आला, "जा तुम्ही. अकीलाला अल्ला बघेल." चाचा कोट घालून बाहेर आले. म्हणाले, "आज मंडळाची बैठक आहे ना? आधी सांगून येतो. मग माझ्या हक्काचं पेटवतो."

"अहो, आत्ता पेटवा, मग जा."

"नको. तिला पण तसंच हवंय."

मी चिडून विचारलं, चाची, खरं का? ती हसली. घरमालकांच्या म्हाताऱ्या आईला तिच्याजवळ बसवलं आणि आम्ही अहमदच्या गाडीतून ईसा टाउनला गेलो. डबा दारातच राहिला.

बैठकीत चाचा उभे राहिले. ते कधी बोलायचे नाहीत. ते म्हणाले, "मी सय्यद नाही. माझा बाप खाडीत होड्या बांधायचा, त्याचा बापही. तुम्ही म्हणत गेलात, मी ऐकत गेलो. गुन्हा माझा. मला जकात चालते. माझं रॉकेल मला द्या, माझी बायको आजारी आहे."

पडद्याआड मी चहाचा ट्रे धरून उभी. वाटलं, आता शिव्या पडतील, आता कुणी अकीलाच्या सासरचं नाव काढेल. पडायला हव्या होत्या शिव्या. नजीब उठला, त्याच्या डोळ्यांत पाणी. त्यानं चाचांचा हात धरून डोळ्यांना लावला. म्हणाला, "बघा, याला म्हणतात सय्यद. आम्ही आपला हदियाचा शब्द नीट पाळला नाही, तर आम्हाला गुन्हा लागू नये म्हणून हे स्वतःचं घराणं नाकारतायत." एकेक जण उठून चाचांचा हात हातात घ्यायला लागला. चाचा म्हणत होते, "अरे, ऐका, मी सुतार आहे." जितकं म्हणत होते तितके लोक रडत होते.

मी पडद्याआडून ओरडले, "खरं बोलतायत ते! चाचीनं मला स्वतः सांगितलंय."

अहमद म्हणाले, "झोहरा, चहा बघ."

परत येताना तीन गाड्या निघाल्या, वाटेत दुकानं उघडायला लावून डब्यांनी भरलेल्या. गल्लीत वळलो तर घरमालकांची म्हातारी आई दारात उभी होती. तिनं चाचांकडं बघितलं आणि आपली काळी ओढणी तोंडावर ओढून घेतली. खदिजाचाची गेली होती, तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानच्या थोडं आधी. आणि मागून डबे उतरत होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. माझा डबा दारात होता तिथंच होता.

मातीला जाऊन आल्यावर लोक त्या खोलीत बसले. थंडी होती. कुणीतरी म्हणालं, चाचांना गारठा लागेल, आणि हीटर पेटवला. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा. सगळ्यांनी हात शेकले. चाचा उठले, पटाशी घेतली आणि दाराच्या फटींतला कापूस एकेक करून उपसून काढायला लागले. वारा आत आला. कुणी अडवलं नाही. सय्यदांचं दुःख वेगळं असतं, असं बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं.

अकीलाचं घर शाबूत राहिलं. रत्नागिरीपर्यंत बातमी गेली ती एवढीच, की सय्यदचाचांनी लोकांसाठी स्वतःचं घराणंसुद्धा पणाला लावलं. तिच्या सासऱ्यांनी अभिमानानं चार लोकांत सांगितलं म्हणे.

पुढल्या डिसेंबरात पुन्हा बैठक. वर्गणी आणखी आटलेली, आणि जकातही, कारण कमावणारेच घटले होते. पांडुरंगला मिळालेल्या डब्यांची गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. नजीब पुन्हा उभा राहिला. या खेपेला त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट भरून आलेला होता. म्हणाला, "सय्यदचाचांनी दारात आलेला एकेक डबा दुसऱ्याला दिला, आणि स्वतः रॉकेलाशिवाय हिवाळा काढला. त्यांच्यापुढं आपल्या म्हाताऱ्यांना मागायला तोंड आहे का?" म्हातारे खाली मान घालून बसले. कुणाची हिंमत होणार? रॉकेल बंद, एकमतानं. अहमदलाही तडजोड सुचली नाही.

चाचा पुढं, मानाच्या जागी बसले होते. त्यांना विचारलं, "चाचा, ठीक?" त्यांनी एकदा पडद्याकडं बघितलं, मी तिथं असणार हे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, "मी काहीही सांगितलं तरी तुम्ही तेच ऐकणार." सगळ्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. मी कपांत चहा ओतला आणि ट्रे पडद्याखालून बाहेर सरकवला.